मनगटी घड्याळ घेताना आधी ते उलटं करून बघा

दुकानात घड्याळ हातात आलं की आपण तबकडी बघतो, मनगटावर धरून आरशात बघतो आणि मग किमतीची चिठ्ठी शोधतो. ते उलटं करून बघणारं गिऱ्हाईक विरळाच. खरं तर विक्रेता जे सांगत नाही त्यातलं बरंचसं कंपनीनेच पाठीवर कोरून ठेवलेलं असतं. अक्षरं फार बारीक असतात, म्हणून मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचावीत. दुकानदाराला काय वाटेल याची काळजी करू नये.

समजा तीन-चार हजारांच्या एका चकचकीत चेनच्या घड्याळामागे लिहिलंय: ‘स्टेनलेस स्टील बॅक, वॉटर रेझिस्टंट, जपान मूव्हमेंट’. तिन्ही गोष्टी कानाला बऱ्या वाटतात, आणि तिन्हींचा अर्थ आपण धरून चालतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

‘स्टेनलेस स्टील बॅक’ म्हणजे फक्त मागचं झाकण स्टीलचं. उरलेली बॉडी बहुधा पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची, वरून क्रोमचा किंवा सोनेरी मुलामा. काही घड्याळांवर ‘बेस मेटल बेझल’ असं स्पष्टच लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ हाच. नवं असताना असलं घड्याळ आणि स्टीलचं घड्याळ नजरेने ओळखता येत नाही. पण मुलाम्याला घामाचं वावडं आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रोज वापरलं की पट्टा जिथे अडकतो त्या टोकांच्या आतल्या बाजूला आणि मनगटाला टेकणाऱ्या कडेला मुलामा आधी उडतो, खालून पिवळट पितळ दिसायला लागतं. काहींच्या हाताला तिथे खाजही सुटते. ‘ऑल स्टेनलेस स्टील’ किंवा ‘स्टेनलेस स्टील केस’ असं लिहिलं असेल तर अख्खी बॉडी स्टीलची. स्टीलला चरे पडतात, पण उडायला वर काही नसतं आणि पॉलिश करून ते पुन्हा उजळतं. रोज वापरायच्या घड्याळात आपला पहिला पैसा इथे जावा असं माझं मत आहे. सोनेरीच हवं असेल तरी आत स्टील आहे का ते विचारा. स्टीलवरचा चांगला थर पितळेवरच्या साध्या मुलाम्यापेक्षा जास्त टिकतो, पण तोही शेवटी थरच.

आता पाणी. ‘वॉटर रेझिस्टंट’च्या पुढे आकडा नसेल तर हात धुताना उडालेले थेंब सोसेल एवढंच समजायचं. बार आणि एटीएम ही दाबाची मापं; 3 बार, 3 एटीएम, 30 मीटर हे तिन्ही एकच, आणि इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. 30 मीटर म्हणजे 30 मीटर खोल पाण्यात चालेल असं नाही. नव्या घड्याळावर प्रयोगशाळेत, स्थिर स्थितीत, तेवढा दाब देऊन बघितलेला असतो. नळाची जोराची धार आणि पोहताना पाण्यावर आपटणारा हात या वेगळ्या गोष्टी आहेत. व्यवहारात 3 बार म्हणजे हात धुणे आणि चार थेंब पाऊस. जून ते सप्टेंबर दुचाकीवर जाणाऱ्याने किमान 5 बार घ्यावं. पोहायचं असेल तर 10 बार. डायव्हर म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळांसाठी आयएसओ 6425 हे वेगळं मानक आहे. त्यातली बरीचशी 200 मीटरची असतात.

पाणी अडवते ती आतली रबराची बारीक रिंग. ती वर्षागणिक कडक होते. रस्त्यावरच्या टपरीवर सेल बदलताना झाकण घाईत दाबून बसवलं आणि रिंग चिमटली गेली, की 10 बारचं घड्याळही त्या दिवसापासून साधं घड्याळ होतं. म्हणून सेल बदलताना रिंग बघायला आणि तिला सिलिकॉन ग्रीस लावायला सांगावं. चावी बाहेर ओढलेली राहिली तर कुठलंच घड्याळ पाणी अडवत नाही. गीझरच्या गरम पाण्याच्या आंघोळीला ते काढूनच ठेवावं, कारण गरम वाफ रिंगेला सगळ्यात लवकर चकवते. काचेच्या आतून धुकं दिसलं तर त्याच दिवशी घड्याळजीकडे जा. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे. त्याने तुमचा दिवस जातो आणि आतल्या गंजाला तेवढी सवड मिळते.

राहिलं ‘जपान मूव्हमेंट’. त्याचा अर्थ आतलं मशीन जपानी कंपनीचं, बाकी घड्याळ कुठेही जुळवलेलं असू शकतं. त्यात वाईट काही नाही, फक्त ते ‘मेड इन जपान’ नव्हे. ‘स्विस मेड’ लिहिण्याला मात्र कायद्याचं बंधन आहे. मशीन स्विस हवं, ते बॉडीत बसवण्याचं काम आणि शेवटची तपासणी स्वित्झर्लंडमध्ये व्हायला हवी, आणि 2017 पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग त्या देशात व्हावा लागतो. म्हणजे उरलेला 40 टक्क्यांपर्यंतचा खर्च बाहेर झाला तरी ते ‘स्विस मेड’च.

मशीन: सेलचं, चावीचं की उजेडाचं

सेलवरच्या घड्याळाला क्वार्ट्झ म्हणतात. आत गारगोटीच्या जातीचा एक इवलासा स्फटिक असतो. त्याला वीज मिळाली की तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटतो, पण त्याची निम्मी करा, पुन्हा निम्मी करा, असं 15 वेळा केलं की बरोबर 1 उरतो. आतली चिप हेच करते आणि दर सेकंदाला एक ठोका एका सूक्ष्म मोटरला देते. म्हणून सेलच्या घड्याळाचा सेकंदकाटा टकटक करत पुढे उडी मारतो. कंपनं याहून कमी ठेवली असती तर ती माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या टप्प्यात शिरली असती, आणि फार जास्त ठेवली असती तर सेल लवकर संपला असता.

या थरथरीला नियमितपणात तोड नाही. कॅसिओचं एफ-91डब्ल्यू हे प्लास्टिकचं डिजिटल घड्याळ 1989 पासून जवळपास जसंच्या तसं विकलं जातंय. किंमत दीड-दोन हजारांच्या आत, सेल सात वर्षं, आणि कंपनी सांगते की महिन्याला फार तर 30 सेकंद इकडेतिकडे होईल. रोलेक्स आपल्या चावीच्या घड्याळांना दिवसाला 2 सेकंदांच्या आतली चूक कबूल करते. चावीच्या घड्याळांत हे विलक्षण आहे, पण महिन्याचा हिशेब केला तर ती चूक 60 सेकंदांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे निव्वळ वेळ बघायची असेल तर लाखो रुपये खर्चून जास्त अचूक काही मिळत नाही. दीड-दोन हजारांच्या पुढे आपण जे मोजतो ते धातूसाठी, काचेसाठी, घडणीसाठी, नावासाठी आणि हौसेसाठी. एवढं डोक्यात बसलं की खरेदी सोपी होते, कारण मग प्रश्न इतकाच उरतो की यातल्या कशाला किती द्यायचे.

पहिलं विक्रीला आलेलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सेइकोचं अ‍ॅस्ट्रॉन, 25 डिसेंबर 1969. तेव्हा त्याची किंमत छोट्या मोटारीएवढी होती. पुढच्या पंधरा वर्षांत तंत्र इतकं स्वस्त झालं की स्विस घड्याळ उद्योगातल्या नोकऱ्या सुमारे 90,000 वरून साधारण 30,000 वर आल्या. आपल्याकडे हेच जरा उशिरा घडलं. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला कारखाना काढला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ ही नावं घराघरांत पोचली, लग्नात जावयाला एचएमटी देणं हा मानाचा भाग झाला. मग टाटा आणि तामिळनाडू सरकारचं महामंडळ यांनी मिळून 1984 मध्ये टायटन काढली आणि 1987 मध्ये होसूरची क्वार्ट्झ घड्याळं देखण्या दुकानांमधून विकायला सुरुवात केली. एचएमटीचा भर चावीवरच राहिला. 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

चावीच्या घड्याळात गुंडाळलेली स्प्रिंग सुटत जाते आणि एक छोटं चाक मागेपुढे झोके घेत ती शक्ती ठरावीक ठोक्यांत सोडतं. ‘जनता’ तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. आजची स्वस्त ऑटोमॅटिक 21,600, काही महागडी 28,800. ठोके जास्त तेवढा सेकंदकाटा सरकल्यासारखा फिरतो. ऑटोमॅटिक म्हणजे हेच मशीन, फक्त हात हलला की आतलं अर्धगोल वजन फिरतं आणि चावी आपोआप भरते. तबकडीवर ‘17 ज्वेल्स’ असं लिहिलेलं असतं; ही बनावट माणकं, चाकांच्या टोकांना घर्षण कमी व्हावं म्हणून बसवलेली. साध्या चावीच्या मशीनला 17 पुरेशी असतात. आकडा मोठा म्हणून घड्याळ भारी, असं होत नाही.

पहिल्यांदा ऑटोमॅटिक घेणाऱ्याला एक धक्का ठरलेला. सेइकोच्या स्वस्त मालिकांमधलं 4आर36 मशीन घ्या. कंपनीच्या मते दिवसाला 45 सेकंद पुढे किंवा 35 सेकंद मागे जाणं हे त्याचं नॉर्मल आहे, आणि पूर्ण चावी भरून बाजूला ठेवलं तर ते 41 तास चालतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं की सोमवारी सकाळी बंद मिळणार. तारीख हाताने बदलायची असेल तर रात्री 9 ते पहाटे 4 या वेळात बदलू नये, कारण तेव्हा तारखेची दातेरी चाकं आधीच एकमेकांत अडकलेली असतात. शिवाय चार-पाच वर्षांनी मशीन उघडून साफ करून तेल घालावं लागतं. काही मशीन्स, उदाहरणार्थ सेइकोचंच एनएच35, इतकी मुबलक मिळतात की दुरुस्त करण्यापेक्षा अख्खं मशीन बदलणं परवडतं. एवढं सगळं ऐकूनही ज्याला ते हवंसं वाटतं त्याने ते जरूर घ्यावं. पारदर्शक पाठीतून ते चाक झोके घेताना बघण्यात खरंच मजा आहे. ‘गुंतवणूक’ म्हणून मात्र तीस हजारांचं ऑटोमॅटिक घेऊ नये; दुकानाबाहेर पडताच त्याची किंमत उतरते.

तिसरा प्रकार उजेडावर चालणाऱ्यांचा, आणि मला विचाराल तर बहुतेकांसाठी तोच सगळ्यात शहाणा. सिटिझनने उजेडावर चालणारं काट्यांचं घड्याळ 1976 मध्ये आणलं. आज ही घड्याळं ‘इको-ड्राइव्ह’ नावाने मिळतात. आत क्वार्ट्झच असतं, फक्त तबकडीखालचा पडदा उजेडाची वीज करून साठवतो. ट्यूबलाइटही चालते. अचूकपणा क्वार्ट्झचा, सेल बदलण्याची कटकट नाही, आणि झाकण वारंवार उघडावं लागत नाही म्हणून पाण्यापासूनही जास्त सुरक्षित. एकच पथ्य: महिनोन्महिने कपाटाच्या अंधारात टाकू नये.

नावाचे पैसे

मॉलमध्ये कपड्यांच्या मोठ्या नावांची घड्याळं आठ ते वीस हजारांना दिसतात. ती बहुधा त्या कपड्यांच्या कंपनीने बनवलेली नसतात. एम्पोरिओ अरमानी, डिझेल, मायकल कोर्स या नावांची घड्याळं फॉसिल ग्रुप ही अमेरिकी कंपनी परवाना घेऊन काढते. आत बऱ्याचदा साधं क्वार्ट्झ मशीन असतं, म्हणजे त्याच पैशातला मोठा वाटा नावाचा. दिसणं आवडलं म्हणून कुणी घेतलं तर त्यात गैर काही नाही. फक्त ‘महाग आहे म्हणजे आत काहीतरी भारी असेल’ हा हिशेब इथे चुकतो. त्याच रकमेत अख्खं स्टील, सफायर काच आणि उजेडावरचं मशीन असलेलं घड्याळ मिळू शकतं.

70 टक्के सूट बघून तर आधी सावध व्हावं. छापील किंमत काहीही छापता येते. ते मॉडेल दोन-तीन ठिकाणी प्रत्यक्षात किती रुपयांना मिळतंय तेवढं बघावं. तबकडीतल्या छोट्या तबकड्याही तपासाव्यात: बाजूची बटणं दाबून बघा. स्टॉपवॉचसारख्या दिसणाऱ्या त्या तबकड्यांचे काटे कधीकधी नुसते चिकटवलेले असतात. ‘फर्स्ट कॉपी’ घड्याळांत हे सर्रास आढळतं. फर्स्ट कॉपीबद्दल माझं मत साधं आहे: दोन हजारांच्या नकलेपेक्षा दोन हजारांचं सोनाटा किंवा कॅसिओ कधीही बरं, त्याला निदान वॉरंटी असते.

काच आणि माप

काचेचे तीन प्रकार. जुन्या एचएमटीवर अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिक. चरे पटकन पडतात पण पॉलिशने घासून निघतात, आणि सहसा फुटत नाही. मधल्या किमतीत मिनरल काच. वर सफायर. धुळीत वाळूचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा मोहस् मापावर 7 आहे. मिनरल काच त्याच्या खाली पडते, सफायर 9 वर. म्हणून भिंतीला हात घासला की मिनरलवर चरा उमटतो, सफायरवर उमटत नाही. जोरात आपटल्यावर मात्र सफायर तडकू शकते. दहा हजारांच्या वर मोजत असाल तर सफायर मागा; नाही म्हणाले तर कारण विचारा.

मापाच्या बाबतीत सगळे तबकडीचा व्यास विचारतात, 40 मिमी, 42 मिमी. त्याहून महत्त्वाचं माप म्हणजे पट्टा अडकवायच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी. मनगटाच्या सपाट भागावर आडवी पट्टी ठेवून रुंदी मोजा. समजा 52 मिमी आली, तर 46 ते 48 मिमी लांबीचं घड्याळ छान बसेल. टोकं मनगटाबाहेर लोंबायला लागली की घड्याळ कितीही महाग असो, उसनं आणल्यासारखं दिसतं. ‘जनता’चा व्यास सुमारे 35 मिमी आहे आणि ते आजही मोठ्या माणसाच्या हातावर शोभतं. ‘जेंट्स’, ‘लेडीज’ ही पाटी दुकानाच्या सोयीची आहे; 36 मिमीचं साधं घड्याळ कुणाच्याही हातावर चालतं. जाडीही बघा, शर्टाच्या कफाखाली सरकायला हवं. याचं टोक म्हणजे टायटनने 2002 मध्ये आणलेलं ‘एज’, अवघं 3.5 मिमी जाड.

रोज एकच घड्याळ घालायचं असेल तर पांढरी, काळी किंवा गडद निळी तबकडी, स्टीलची बॉडी आणि पट्ट्याची रुंदी 18 किंवा 20 मिमी. या मापाचे पट्टे कुठेही मिळतात. 19 किंवा 21 असेल तर शोधत फिरावं लागतं, आणि पट्टा बॉडीतच ओतल्यासारखा एकसंध असेल तर जन्मभर त्याच कंपनीच्या दारात. चामड्याच्या पट्ट्यावर पावसाळ्यात बुरशी येते; पावसाळ्यापुरता सिलिकॉनचा किंवा नायलॉनचा लावावा. स्टीलची चेन घेताना ती कानाजवळ हलवून बघा. पत्र्याच्या पोकळ कड्या खुळखुळतात, भरीव कड्यांचा आवाज दबका येतो.

जुनं घड्याळ घ्यायचं असेल तर

इंटरनेटवर दीड-दोन हजारांत जुनी एचएमटी, फाव्हर-ल्यूबा, सेइको 5 मिळतात, भडक निळ्या-केशरी तबकड्यांची, नव्यासारखी लखलखीत. जगभरातले घड्याळवेडे यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, कारण अशा घड्याळांचा मोठा व्यापार मुंबईतून चालतो. तबकडी नव्याने रंगवलेली, काटे एकाचे, चावी दुसऱ्याची, मशीन तिसऱ्याचं. ओळखायला तबकडीवरची अक्षरं भिंगातून बघावीत: मूळ छपाईची कड धारदार असते, पुन्हा रंगवलेली अक्षरं जाड आणि किंचित फुटलेली दिसतात. मिनिटांच्या रेघा एकसारख्या अंतरावर नसतात. तबकडी थोडी पिवळी पडलेलं, चरे असलेलं घड्याळ बऱ्याचदा जास्त अस्सल असतं. गंमत म्हणून रंगीत घड्याळ घ्यायला हरकत नाही, पण ते ‘अँटिक’ म्हणून घेऊ नये.

घरातच आजोबांचं चावीचं घड्याळ सापडलं तर लगेच पूर्ण चावी भरून चालवू नका. आतलं तेल सुकलेलं असतं आणि कोरडी चाकं एकमेकांना झिजवतात. आधी घड्याळजीकडून साफ करून घ्या. जनतासारख्या साध्या मशीनचं काम जाणणारे जुने हात पुणे-मुंबईतच काय, तालुक्याच्या गावीही अजून सापडतात. ते उघडतील तेव्हा समोर बसून बघा, तुमच्या मशीनचे भाग तुमच्याकडेच राहतील. आणि कपाटात बंद पडलेलं सेलचं घड्याळ असेल तर त्यातला संपलेला सेल आजच काढून घ्या. तो आत राहिला की पाझरतो आणि मशीन खातो, मग पन्नास-शंभर रुपयांचं काम हजारांवर जातं.